पश्चिमेची भिंत

चौथा मजला, वर थेट गच्ची.
दुपारी तीनला हॉलच्या भिंतीला हात लागला
की नुकती भाकरी उतरवलेला तवा आठवतो.
आणि पाचला याच भिंतीला टेकून
नववीची अकरा पोरं बसतात बीजगणिताला.
परवा कस्तुरीच्या वहीतला क्ष
घामानं विरघळून समासात उतरला.
मॅडम, उत्तर आलं होतं, पुसलं गेलं.
मी पूर्ण मार्क दिले.

बसलिंग म्हणाले, एसी घेऊ.
दालमिलच्या पावतीमागं त्यांनी हिशोब मांडून आणला होता:
अठरा हप्ते,
शिवाय वाढीव बिल,
शिवाय स्टॅबिलायझर,
शिवाय भिंतीला भोक पाडायचं तर सोसायटीची सही.
तिसऱ्या शिवायला मी पुढं नमः लावलं.
ते हसले नाहीत. कागदाची घडी आणखी बारीक झाली.

आणि बाहेरचा डबा टांगायचा कुठं?
जागा एकच, हुंडेकरीकाकूंच्या खिडकीच्या डोक्यावर.
म्हणजे आमच्या हॉलमधली गरमी उपसायची
आणि त्यांच्या पापडांवर ओतायची.

कूलर, तर पाणी.
लातूरात पाण्याचं कुणाला विचारायचं तर ड्रमांना विचारा.
नळ आठव्या दिवशी, तोही पहाटे साडेतीनला,
गॅलरीत निळे तीन, न्हाणीत एक,
पलंगाखाली कळशा, त्यांच्यावर उलट्या वाट्या.
गंजगोलाईमागं जिलानीभाईंचं पत्र्याच्या कूलरचं दुकान.
म्हणाले, "ताई, दिवसाला चाळीस लिटर पितंय हे.
पाहुणाच समजा. पण गार बोलणारा पाहुणा."
खारं चालेल का, मी विचारलं,
फिल्टरमधून वाया जाणारं, फरशीला वापरतो ते?
त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.
"चालंल. जाळीला पांढरी दाढी येईल,
महिन्याला एकदा लिंबूसत्वानं करायची."

मामंजी या सगळ्यात पडले नाहीत.
मी मात्र चार दिवस त्यांची चटई बघत होते.
सकाळी हॉलच्या दारात.
अकराला स्वयंपाकघराच्या तोंडाशी.
दोनला न्हाणीबाहेरच्या बोळकांडीत,
जिथं बिल्डरच्या गुळगुळीत टाइल्स कमी पडल्या
म्हणून तीन हात शहाबादी फरशी टाकलीय,
आणि घर दाखवायला आलेल्या प्रत्येकासमोर
आम्ही तिच्यावर पायपुसणं सरकवतो.
तिथं ते उघड्या पाठीनं झोपलेले,
चटईसुद्धा बाजूला.
"हॉल कशाला गार करलालीस गं,"
डोळे न उघडता म्हणाले,
"दुपारी तिथं बसलालंय कोण?"

खरंच.
सोफा, टीव्ही, शोकेसमधलं आहेरातलं घड्याळ.
ते घड्याळही बंद.

पोरांना सांगितलं, उद्यापासून सहाला. सकाळच्या.
अकरातली नऊ आली,
दोघांच्या आयांनी फोन उचलला नाही.
त्या दोघांच्या फीचं मी अजून
बसलिंगना सांगितलेलं नाही,
कागदाला परत शिवाय फुटेल.
कस्तुरी येते, डोळ्यांत झोप,
पण क्ष कोरडा.

कूलर घेतलाच, लहान, पोपटी पत्र्याचा.
हॉलमध्ये नाही.
पाठ स्वयंपाकघराच्या खिडकीकडं,
तोंड बोळकांडीकडं,
खाऱ्या पाण्यावर घरघरतो
आणि आम्ही चौघं दुपारी तीन हात फरशीवर
पाय मुडपून, एकमेकांची कोपरं चुकवत.
लेक म्हणते, एवढा मोठा फ्लॅट कशाला घेतला मग?
याचं उत्तर बसलिंगकडं असावं. ते कूस बदलतात.

भिंत रात्री दहापर्यंत तापलेलीच असते.
तिच्यासाठी गच्चीवर चुना मारायचं ठरलंय,
म्हणजे बोलणं झालंय.

काल हुंडेकरीकाकू वर आल्या, डबा घेऊन.
यंदा ऊन बेताचं होतं, पापड छान वाळले, म्हणाल्या.
त्यांना काहीच माहीत नाही.
त्या खाली गेल्यावर मी चार तळायला घेतले,
गॅस पेटला,
तेल तापलं,
आणि मामंजींनी न बोलता
चटई उचलली.